गाईचं डोकं वायोमिंगात, शेपूट आयडाहोत

मी, व्हर्ला टिब्बिट्स, वय ६८, धंदा गुरं पाळणे, राहणार सेजक्रीक रस्त्यावरचं शेवटचं घर, राज्य आयडाहो. शेरीफच्या कचेरीत आपणहून येऊन सांगते, की मी वरील पत्त्यावर नवरा ऑर्सन याच्यासह राहते. घरात आम्ही दोघंच. बाकी गाई.

आमचं घर आणि गोठा आयडाहोत आहे. मागचं कुरण मात्र अर्धं वायोमिंगात जातं. मधे कुंपण नाही, सरकारने ठोकलेला हद्दीचा एक लोखंडी खांब आहे. खेळावर पैसे लावणं आयडाहोत गुन्हा आहे. वायोमिंगात फोनवरून खुशाल लावता येतात. माणूस कुठल्या राज्यात उभा आहे ते फोनला कळतं म्हणे.

कॉलेजांचा फुटबॉल सुरू झाल्यापासून नवरा दर शनिवारी जेवण उरकून "पाण्याचे पाइप हलवून येतो" असं सांगून कुरणात जाऊ लागला. पुढे कालव्याचं पाणी बंद झालं. पाइप गोठ्यामागे रचून झाले, ते मीच रचले. तरी हा पाइप हलवायला जातोच आहे. म्हटलं, जाऊ दे, तेवढाच घरात पसारा कमी. मग शेजारचा ड्वेन लुफ्किन पाइप हलवायला येऊ लागला, मग त्याचा मेहुणा, मग आमच्या चर्चचे बिशप रुलॉन हॅच, एरवी तेही शेतकरीच. बिशप जुगाराच्या पापावर बोलतात आणि फार चांगलं बोलतात. मी हटकलं तर म्हणाले, "ताई, मी आपला वासरं बघायला आलो होतो." कुरणात तेव्हा एकही वासरू नव्हतं.

गेल्या महिन्यात ड्वेनने पिकअप मागे घेताना आमचं फाटक मोडलं. सामना सुरू व्हायची घाई होती. फाटकाच्या जागी चौघांनी सुतळी बांधली. ती गाईंनी खाल्ली. मी किती वेळा सांगितलं. "वहिनी, पुढच्या शनिवारी नक्की," हे ड्वेनचं ठरलेलं उत्तर. आणि शनिवार आला की सामना. फाटक नाही म्हणून गुरं रस्त्यावर जातात, आणि त्या रस्त्याने बटाट्याचे ट्रक कसे पळतात ते या कचेरीला ठाऊक आहे. माझी एक गाय तिथे मेली. तिचं नाव मी इथे घेत नाही.

परवा शनिवारी दुपारी माझी पॅन्सी गाय गोठ्यात दिसली नाही. ती व्यायला झाली होती. आधी रस्ता बघून आले, मग कुरणात पळाले. खांबापाशी चौघे फोनमध्ये डोकं खुपसून उभे होते आणि त्यांच्या पाठीमागे पॅन्सी आडवी पडून कण्हत होती. अडली होती. एकाचंही लक्ष नव्हतं. मी काय ओरडले ते लिहून घेऊ नये. फोन खिशात गेले. बिशपांनी बाह्या वर केल्या. माणसं शेतकरीच, काम चोख केलं, हे मी कबूल करते.

वासराचे पाय दिसले तसा ड्वेन म्हणाला, "कालवड की गोऱ्हा? लावता का वहिनी?" मी म्हटलं, "कालवड झाली तर चौघांनी मिळून नवं लोखंडी फाटक बसवायचं, बर्फ पडायच्या आत. गोऱ्हा झाला तर हिवाळाभर कुरण तुमचं, वर शनिवारी गरम डोनट." चौघेही लगेच हो म्हणाले. डोनटला कोण नाही म्हणतो.

कालवड झाली. उठून उभी राहिली. बिशपांनी डोळे पुसले, मीही पुसले. मग मी फाटकाचं काढलं. तर नवरा म्हणतो, "व्हर्ला, ती पैज धरता यायची नाही. गाय हद्दीवर आडवी होती. डोकं वायोमिंगात, शेपूट आयडाहोत. आम्ही शेपटाकडे होतो. आयडाहोत पैज म्हणजे गुन्हा."

बिशप म्हणाले, "ताई, कायदा तो कायदा."

चोर तो चोर, वर शिरजोर. म्हणून मी इथे आले आहे. माझं म्हणणं एवढंच. मी गाईचं डोकं धरून बसले होते, म्हणजे मी वायोमिंगात होते आणि माझ्यावर काही येत नाही. हे चौघे आयडाहोत होते असं स्वतःच्या तोंडाने म्हणतात, तर त्यांना जुगाराबद्दल आत टाकावं. नव्हते म्हणत असतील तर फाटक बसवावं. दोन्हींपैकी काहीही चालेल, माझा हट्ट नाही.

जबाब घेणारा डेप्युटी म्हणाला, "व्हर्लाकाकू, बिशपांना खरंच बेड्या घालू?" मी म्हटलं, घाल, पण रविवारची प्रार्थना होऊ दे.

एवढं होईपर्यंत नवरा आत आला. मला गाडीने त्यानेच आणलं होतं. टोपी हातात घेऊन त्याने डेप्युटीला विचारलं, "कोठडीत टीव्ही असतो का रे?"

"नाही."

"आणि फोन?"

"काढून घेतो, काका."

नवऱ्याने टोपी परत डोक्यावर घातली. मग मला म्हणाला, "फाटक आत उघडणारं हवं, की बाहेर?"

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, नवऱ्यानेही ऐकला. मी सांगितलं तसाच लिहिला आहे. फक्त खाली "आत उघडणारं" एवढे शब्द माझ्या सांगण्यावरून वाढवले आहेत आणि त्याखाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत.