दादाच्या ईटीएफचा कौल

हसायचं तर हसा, पण आधी ऐका. माझा दादा कॅनडात हाय. पोरीच्या कॉलेजसाठी दर महिन्याला ईटीएफ घेतो, म्हंजे शेअर बाजारातल्या सगळ्या कंपन्यांचा थोडा थोडा वाटा. बाजार पडला तसा त्याचा फोन आला, "बाजारकुणंग गावच्या देवाला कौल लाव. विकू का ठेवू?"

गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर ठेवायचं, डावी पडली तर विकायचं. एकबी पडली न्हाई. गुरव म्हणाला, "हात लावू नको म्हणतोय." तसंच मी दादाला कळवलं.

आठवडाभर पाकळ्या तशाच, ओल्याच्या ओल्या. काल सांजच्याला दिवा लावायला गेलो, तर दोन्ही खाली. तिथूनच दादाला फोन लावला, "काय केलंस रं?"

दादा म्हणाला, "आत्ताच सगळं विकलं. तुला कुणी सांगितलं?"