साठ पानं खुणांची

“काका, तुमच्याकडे फुकट काय मिळतं?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी झेरॉक्सवाल्या काकांना विचारलंच.

“रांगेत उभं राहायला मिळतं.”

माझ्यापुढे एका संस्थेच्या पांढऱ्या केसांच्या बाई आणि त्यांचा कार्यकर्ता उभे होते.

“बाई, खुणांच्या भाषेच्या पुस्तिकेची फाइल उघडतच नाही. ती ज्यात बनवली, ते सॉफ्टवेअर कंपनीने कधीच बंद केलंय.”

“अरे, बहिऱ्या मुलांचे आईवडील रोज मागतात ती. आणि ही एकच छापील प्रत उरलीये.”

“पुन्हा टाइप करू. आता खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवू, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल. आईवडिलांना आपल्या घरच्या खुणाही त्यात भरता येतील.”

“हे दहा वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?”

“तेव्हा मी सातवीत होतो, बाई.”

“बरं, चित्रं स्कॅन होतील. पण साठ पानं टाइप कोण करणार? तू दोन बोटांनी करतोस.”

“एकानेच. दुसरं खोडायला लागतं.”

“मी करते,” मी मधेच म्हणाले. “दहाही बोटांनी.”

बाईंनी लगेच माझ्यासाठी त्या प्रतीची एक झेरॉक्स काढायला सांगितली.

घरी दप्तर उतरवायच्या आधीच मी सांगून टाकलं, “आई, बाबा, सुट्टीत मी मावशीकडे येत नाहीये. साठ पानं आहेत, आणि मी शब्द दिलाय.”