सरांच्या वाट्याची काकडी

नवापूरच्या बसस्थानकात रमीबाई बाकावर टेकल्या. शेजारी दोन पोरं बोलत होती. शाळेत शेती कशी शिकवायची, ते शिकणारी. ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

"अमृत, खरंच कॉलेज सोडून रनाळ्याला घरी चाललास?"

"मग काय करू, ग्रेसी? माझा सरावपाठ बघायला कॉलेजचे सर बसलेले. मुलांनीच वाढवलेली काकडी कापून दिली, चव सांगा म्हटलं. एकानंही तोंडाला लावली नाही. सगळे हात मागे बांधून उभे. मी फार ओरडलो."

"अरे, त्यांच्या गावाची नवाई व्हायची होती. नवं पीक आधी देवापुढे ठेवतात, मग खातात. आम्ही नाही का पहिलं फळ चर्चमध्ये नेत?"

"मुलाला ठाऊक आहे तिथून सुरुवात करा. आपला पहिलाच धडा. तोंडपाठ होता गं मला."

"काल झाली नवाई. हे घे."

"सागाच्या पानात काय?"

"काकडी. पोरांनी देवाला दिली, मग तुझी फोड काढली, मग स्वतः खाल्ली."

"हाऊ मन्हा वाटा शे? माझा? एवढा ओरडलो तरी?"

"आणि एक वेलीवरच ठेवलीय, बियाण्याला. पिकली की अमृत सरांनीच तोडायची म्हणतात."

रनाळ्याला जायची नंदुरबारची गाडी लागली. अमृत पान उघडून बसून राहिला.

"भाऊ, तुझी गाडी," रमीबाई म्हणाल्या.

"जाऊ द्या, मावशी. ही अर्धी तुम्ही घ्या. माझ्या पोरांनी पिकवलीय."