फूल पडायच्या आधी

भिकाजी : गप ऱ्हावा जरा दोघी. देवाला कौल लावलाय. उजव्या अंगाचं फूल पडलं तर ऑपरेशन, डाव्या अंगाचं पडलं तर न्हाई.

केशर : पण बा, केव्हाची लावलीत फुलं! ऊन पायरीवर आलं, तरी एकही हललं नाही.

भिकाजी : देवाला घाई नसती, पोरी.

बायजा : देवाला नसंल. मला हाय. कॅसलरॉक टेसनातनं मिरजेची गाडी दुपारची, आनी मधी सगळं रान तुडवायचं. मी गठुडं बांधूनच आलेय.

भिकाजी : बांधलंस? कुनाला इचारून?

बायजा : लुगडी माझी, गठुडं माझं. कुनाला इचारू?

भिकाजी : बायजे, थट्टा नगं. गाठ साधी हाय. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंय. मी बी त्यांना म्हनलं, घरी जाऊन देवाला इचारतो.

बायजा : तुमाला व्हरांड्यात बाजूला नेऊन सांगितलं. भायेर येऊन तुमी मला म्हनलात, साधी गाठ. आनी लगेच बाजारात नेऊन काकनं भरलीत! लगीन झाल्यापासनं कधी भरली न्हाईत ती. काकनं बघितली आनी मी वळकलं, काय तरी मोठं हाय.

केशर : मी तर वेडी, काकणं बघून खूश झाले होते! पण तुम्ही चहाला गेलात आणि आईनं माझा दंड धरून मला परत दवाखान्यात ओढत नेलं.

भिकाजी : परत गेलता?

केशर : हो तर! दारावरची बाई म्हणाली, तुमच्या घरातल्या माणसाला सांगितलंय सगळं. आई म्हणाली, "घरातल्या मानसाला गाठ न्हाई आली, मला आली." बा, अख्खी रांग हसली!

भिकाजी : मग?

बायजा : मग काय, डॉक्टरीणबाईंनीच आत बोलावलं. आनी बाकावर माझ्या शेजारी बसल्या बघा, थोरल्या जावंसारख्या. बोलनं तेवढं पुस्तकातलं. तवा ही केशर...

केशर : मी म्हटलं, "बाई, सोपं करून सांगा. आईला समजल्याशिवाय आम्ही उठणार नाही." आवाज शाळेत कविता म्हणताना लागतो तसा, खणखणीत.

भिकाजी : आनी त्यांनी नाव सांगितलं? दुखन्याचं?

बायजा : सांगितलं. क्यान्सर.

(भिकाजी खाली बसतो.)

बायजा : अवो, उठा. माझं रडून झालंय. येताना गाडीत, पदर तोंडात कोंबून. पर बाईंना समदं इचारलं मी. किती पसरलंय म्हनलं. त्या म्हनल्या, काखंत काय लागत न्हाई, येळेवर आलीस. थान काढून टाकलं तर आशा हाय. खातरी देत न्हाई म्हनल्या, पर थांबलीस तर वाढतच जानार. मग इचारलं, या हातानं भात लावता येईल का? हसल्या. म्हनल्या, हळूहळू येईल.

केशर : आणि मला आईजवळ राहू देणार आहेत! तेही मीच विचारलं.

भिकाजी : मला भ्या वाटलं, बायजे. समद्या गावाचे कौल मी लावतो. कुनाची म्हस हरवली, कुनाची सोयरीक. कदी लबाडी केली न्हाई. आज फुलं भिजवून भिजवून, दाबून लावली. पडूच नयेत म्हनून.

बायजा : बघितलं की मी लावताना.

भिकाजी : बघितलंस? आनी गप बसलीस?

बायजा : व्हय. लई बरं वाटलं बघून. आता सरा जरा, मी बोलते. देवा, इचारायला न्हाई आले, सांगायला आले. कौल तू मागंच दिलास. दुखत न्हवती, खुपत न्हवती, तरी आंघोळीच्या वक्ताला गाठ हाताला लावून दिलीस. बाकावर बसनारी डॉक्टरीण भेटवलीस. ही भवानी पोटी घातलीस, शाळंत गेली आनी हिला तोंड फुटलं...

केशर : आई! देवासमोर भवानी काय गं?

बायजा : गप. आनी फुलं दाबून लावनारा मानूस दिलास. लई दिलंस, देवा. आता जाऊन येते.

भिकाजी : थांब. मी बी येतो. समईत तेल घालतो आनी दार लोटतो. गठुडं दे इकडं.

बायजा : घ्या. जड हाय, हिनं आपली पुस्तकं बी कोंबलीत त्यात.

केशर : आई, बा, थांबा! फूल पडलं! आत्ता, मी मागं वळून बघितलं तेव्हा!

भिकाजी : कुठल्या अंगाचं?

बायजा : केशर, सांगू नगं.

केशर : पण मी बघितलंय ना!

बायजा : मग ध्यानात ठेव. परत आल्यावर सांग.