कोरी सुतळी

माहं माहेर वैनगंगेच्या वरच्या अंगाले, सासर तीन कोस खाली, सावली गावाच्या बाजूनं. दोन्ही घरं ढिवराची. लग्नाची वरात डोंग्यातनंच आली होती, अन् मी धानाच्या बांधीत कमी अन् पान्यात जास्त वाढली, म्हनून बाई, रडत रडत सांगनं मले जमत नाई, जे झालं ते सरळ सांगते, तुमी लिहून घ्या.

तुमी तो साहेबाचा शब्द विचारून राह्यल्या ना, दूरमापन, तो सांगते, पन आधी तुंब्याचं, म्हनजे वाळल्या भोपळ्याचं, सांगा लागते. वरच्या गावाले घाटाच्या पायऱ्या आहेत, आमच्याकडं नुसती रेती. तर माहा भाऊ सोमा, पावसाळ्यात रोज सकाळी पायऱ्या पाहे. रात्रीतून जेवढ्या पायऱ्या बुडाल्या तेवढ्या गाठी सुतळीले मारे, सुतळी वाळल्या तुंब्याले बांधे अन् तुंबा धारेत सोडून दे. आमच्या इथी नदी वळते, लाकूड, पाला, जे वाहून येईन ते आमच्याच रेतीले लागते. मी तुंबा उचलू अन् गाठी मोजू. दोन गाठी म्हनजे डोंगा वर ओढा, चार म्हनजे बकऱ्या हलवा. गाठ नाई म्हनजे पानी जागच्या जागी. पान्याचं असं आहे का पयले थोडं चढते, खरा लोंढा मागून येते, त्याच्या आधी तुंबा पोचे. माह्या सासऱ्याच्याही आधीपासून असंच चालत आलं होतं, कधी चुकलं नाई.

त्या साली श्रावणात गिऱ्हान आलं, भर दिवसाचं. सकाळचा तुंबा आला, सुतळी कोरी. मंग गिऱ्हान लागलं तसे सगळे घरात, चूल बंद. आमच्यात पोटुशी बाई घरात असन तर गिऱ्हानात तिनं अन् तिच्या नवऱ्यानं काही कापा नाई, काही बांधा नाई, गाठ तर मारूच नाई, लेकराचे बोटं चिकटतेत म्हनतेत. सोमाची बायको सात महिन्याची होती. त्याच्या आधी तिचे दोन गेले होते.

गिऱ्हान सुटलं, मी आंघोळीले नदीवर गेली, तर रेतीले दुसरा तुंबा. एका दिवसात दोन कधी येत नसत. मी सुतळी पाह्यली, कोरी. घरी येऊन आमच्या मानसाले सांगतलं, तर तो हासला, म्हने, तुह्या भावाले आज काम नाई वाटते, पानी नाई म्हनून दोनदा सांगून राह्यला. जाळं कालपासून मधल्या टापूवर लागलेलं होतं. तो म्हने, उद्या काढू, आज अंग जड आहे. मी म्हनलं, उद्यापावेतो मासे सडतीन, दोनदा सांगतलं ना त्यानं, जा. हे मी म्हनलं, बाई. लिहा, मीच म्हनलं.

तो गेला. मी भांडे घासून राह्यली होती, तर पान्याचा रंग बदलला. लाल झालं, फेस आला. मी हाक मारली, त्यानं ऐकली बी, जाळं सोडून डोंग्यात बसला, पन डोंगा आडवा झाला. मंग मले काही दिसलं नाई. तिसऱ्या दिवशी खाली सापडला.

सोमा त्याच सांजेले धावत आला, चिखलानं भरलेला. मले विचारते, दोन तुंबे पोचले का बाई? मी म्हनलं, पोचले. तो म्हने, दोन पोचले तरी तुमी समजले नाई? मी म्हनलं, कोरे होते. तो म्हने, गिऱ्हानात गाठ कशी मारू मी, एका तुंब्याले सुतळी आधीच बांधलेली होती, पयली पायरी बुडाली तसा तोच सोडाले धावलो, म्हनलं दुसरा तुंबा पाहून तरी समजतीन. मंग खाली बसला अन् डोकं आपटलं. मी त्याले पानी दिलं. त्याच्यानंतर त्याच्याशी बोललीच नाई.

दोन वर्षं गेले तर सरकारी साहेब आला, नदीत पानी मोजाची आकड्याची पट्टी गाडाले. माहं घर जवळ म्हनून आकडे अन् दोन-चार शब्द लिहाले मले शिकवले, रोज पाहून चिठ्ठी टपालवाल्यापाशी द्याची. तोच सांगे, परदेशात आता यंत्र निघालं, इथलं पानी तिथी बसून मोजता येते, त्याले टेलिमेट्री म्हनतेत, मराठीत दूरमापन. मी म्हनलं, आमी ते तुंब्यानं करत होतो. साहेब हासला. मंग मी विचारलं, साहेब, तुमच्या यंत्राकडून काहीच आलं नाई, तर पानी नाई समजाचं का सांगनारा मेला समजाचं? तो हासाचा थांबला. म्हने, काऊन विचारता बाई? मी सगळं सांगतलं, जसं तुमाले सांगून राह्यली. त्यानं चष्मा पुसला, म्हने, पानी जागेवर असलं तरी चिठ्ठी देत जा, अन् कोरी देऊ नका. आता रोज देते. पानी तसंच, एवढं तरी लिहिते.

सोमाले त्या गिऱ्हानाच्याच साली पोरगी झाली होती. मी बारशाले गेली नाई, पन माह्या आईनं तिले माह्याकडं आनली तेव्हा तिचे दोन्ही हात उघडून पाह्यले. दाही बोटं वेगळे, सरळ. गाठ मारली असती तर काय झालं असतं, हे ना मी सांगू शकत, ना तो.

तुंबा अजून येते. पट्टी लागली तरी सोमा सोडते. पानी चढो न चढो, सुतळीच्या बुडाशी एक मोठी गाठ राह्यते, आधी राहत नव्हती. पायरीची नाई ती. आज मी पानी पाह्यलं, एवढंच सोमा त्या गाठीनं सांगते. मी ती सुतळी तुंब्यावरून सोडून गाठीसकट खुंटीले टांगते. या पावसाळ्यात मीबी एक करनार आहे, टपालवाला वरच्या गावाले जाते, त्याच्यापाशी निरोप देईन, तुंबा पोचला म्हनून. त्याच्याशी बोलाले मले अजून जमनार नाई. पोरीचे हात चांगले राहोत.