सासूबाईंच्या खिशातला बिल्ला

(दुपार. स्वयंपाकघरात सासू, सून आणि सुनेची लहान मुलगी छोटी. कोपऱ्यातल्या धुण्याच्या मशीनमध्ये काहीतरी खडखडायला लागतं.)

सून : छोटीच्या खिशात पुन्हा दगडगोटे असणार. थांबा, बंद करते.

सासू : राहू दे गं. होईल आपोआप बंद.

सून : मशीनची वाट लागेल, आई. आणि सकाळपासून अशा मिठाची गुळणी धरून का बसलाय? (मशीन थांबवून स्वेटर बाहेर काढते.) ...हे काय? हा तर माझा बिल्ला! तुमच्या स्वेटरच्या खिशात?

छोटी : बघू! काय लिहिलंय त्याच्यावर?

सून : ‘मला विचारून ठरवा.’ छापखान्यात कामाला होते तेव्हा आम्ही चौघींनी जेवणाच्या सुट्टीत केले होते. तू अंगावर प्यायचीस ना, तेव्हा याची पिन तुझ्या गालाला टोचली. म्हणून काढला. मला वाटलं, हरवला.

सासू : शिवणाच्या डब्यात होता. मी... दवाखान्यात जाताना लावते.

सून : तुम्ही?

सासू : हसू नकोस. गुडघ्याला शेक घ्यायचा म्हणजे तासभर बाकावर बसायचं. कुत्रंदेखील विचारत नाही. हा लावून गेले, तर शेजारचा म्हातारा म्हणतो, “काय ठरवायचंय, आजीबाई?” परवा नर्सबाईंनी चहा पाजला. त्यांना सगळं सांगून टाकलं.

सून : सगळं म्हणजे?

सासू : मला टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली होती ते. आमच्या बाबांनी परस्पर नकार कळवला. पत्र दाखवलंसुद्धा नाही, लग्नानंतर कळलं. अजून कुठं फोन वाजला की हात शिवशिवतो.

सून : सहा वर्षं एका घरात राहतोय आपण. मला कधी बोलला नाहीत.

सासू : तू तरी कुठं विचारलंस? ...ते जाऊ दे. तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. नाही, रागावच.

सून : काय झालं?

सासू : सकाळी तू हिला आंघोळ घालत होतीस, तेव्हा तुझ्या छापखान्याच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. तुझी जुनी जागा रिकामी झालीय. सोमवारपासून येशील का, पाचपर्यंत सांग म्हणाल्या.

सून : आणि?

सासू : मी म्हटलं, ती नाही यायची आता.

सून : आई!

सासू : तोंडातून निघून गेलं.

सून : तीन महिने त्या फोनची वाट बघतेय मी. भाजी चिरतानासुद्धा मोबाईल ओट्यावर ठेवते. दिसत नव्हतं तुम्हाला?

सासू : दिसत होतं. म्हणून तर धसका घेतला. तू कामावर, ही शाळेत. मग मी दिवसभर भिंतींशी बोलू? ...बाबांवर जन्मभर डूख धरला, आणि माझी वेळ आली तेव्हा मीही तेच केलं.

सून : पहाटे मला ताज्या शाईचा वास येतो, आई. अगदी खराखुरा. डोळे उघडते तर ही कुशीत, घामेजलेली. मग तिलाच घट्ट धरून पडून राहते. ...किती वाजले?

सासू : साडेचार. लाव फोन. नाहीतर आण इकडे, मीच सांगते, म्हातारी चुकली म्हणून.

सून : नको. माझं मी बोलेन.

सासू : हिला शाळेतून मी आणत जाईन. गुडघ्याचं बघू काय ते.

सून : श्श, लागला. हॅलो, मॅडम? मीच बोलतेय. सकाळचं उत्तर माझं नव्हतं हो...

छोटी : आई. ए आई. तुला आमचा कंटाळा आला का गं?