दोन मिनिटांची स्लाइड

मुलचेऱ्यात नाहीदच्या कंप्युटर सेंटरात गुणवंतराव झेरॉक्ससाठी थांबले होते. पुढ्यात खदानीचा साहेब बसला होता. उद्या त्याची जनसुनावणी गुणवंतरावांच्याच गावात होती. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, कान मात्र तिथंच ठेवले.

“मॅडम, गावकऱ्यांच्या प्रश्नांच्या स्लाइडवर उलटं चालणारं घड्याळ टाका. माणशी दोन मिनिटं.”

“तुमच्या स्लाइडवर बी टाकू?”

“आमच्या कशाला?”

“बरं. सुरू कवा करू? बोलाले लागल्यावर?”

“नाही, माणूस उभा राहिला की लगेच.”

“सर, इथले म्हातारे उठले का आधी गावदेवीचं, वाघोबाचं, वाडवडलांचं नाव घेतेत. दोन मिनिटं त्यातच जातीन.”

“माहीत आहे. मागच्या गावात बघितलंय.”

“अन् टाइम संपल्यावर कोनती स्लाइड?”

“ही बघा, तयारच आहे. ‘सर्व शंकांचे समाधान झाले. धन्यवाद.’”

साहेब पेनड्राइव्ह खिशात टाकून गेला.

“बोला भाऊ, किती झेरॉक्स?”

“झेरॉक्स राहू दे, बाई. मले एक सांग, माणूस बसूनच बोलला, तं ते घड्याळ सुरू होते का?”